नदीच्या वाळूतील सोने : कॅलिफोर्नियातील खाणकाम

२४ जानेवारी १८४८ रोजी उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, कोलोमा या ठिकाणी, लाकूड कापण्याच्या गिरणीचे बांधकाम चालू असता जेम्स मार्शल यांना गिरणीच्या पाटात सोन्याचे कण आढळले. ही वार्ता पसरताच पुढील काही वर्षांत देशोदेशींचे सुमारे ३ लक्ष लोक तेथे लोटले. त्यांपैकी बहुतेकांना खाणकामाची माहिती नव्हती. तरीही त्यांना सोने काढता आले, याचे कारण सोन्याच्या जडपणात आहे.

निसर्गाने केलेली निवड

सोने पाण्याच्या सुमारे १९ पट जड असते. वाळूतील गारगोटीचे कण मात्र अडीच पटींहून थोडेच अधिक जड असतात. सिएरा नेवाडा पर्वतातील गारगोटीच्या शिरांत सोने होते. कालांतराने खडक झिजले, ओढ्यांनी त्यांचा चुरा वाहून नेला आणि प्रवाह जेथे मंदावला तेथे सोने तळाशी बसले. आपल्याकडील झारेकरी सराफांच्या दुकानांपुढील धूळ धुऊन सोने काढीत आले आहेत, ते याच गुणधर्माच्या आधारे.

थाळीपासून पन्हळीपर्यंत

पहिले साधन म्हणजे उथळ थाळी. तीत वाळू व पाणी घेऊन ती गोलाकार हालवावयाची. हलकी वाळू काठावरून वाहून जाते व सोने तळाशी राहते. बर्फ वितळून आलेल्या थंड पाण्यात दिवसभर ओणवे राहून कसलेला मनुष्य सुमारे ५० थाळ्या धुवी. त्यानंतर पाळण्यासारखी हालणारी पेटी आली. एकाने वाळू टाकावी, दुसऱ्याने पाणी ओतावे, तिसऱ्याने पेटी हालवावी, अशी तिघाचौघांची भागी होऊ लागली. पुढे लांब लाकडी पन्हळी बांधण्यात आल्या. त्यांच्या तळाशी आडव्या पट्ट्या ठोकीत व त्यांमागे पारा घालीत. सोन्याचे बारीक कण पाऱ्याशी मिळून पारदमेल तयार होई. तो तापविला म्हणजे पारा वाफ होऊन निघून जाई व सोने उरे.

या श्रमांचे फळ सर्वांस सारखे मिळाले नाही. १८५० मध्ये परदेशी खाणकामगारांवर दरमहा २० डॉलर कर बसविण्यात आला. मूळ रहिवाशांच्या तर भूमी हिरावल्या गेल्या व त्यांच्यापैकी हजारो लोक मारले गेले.

डोंगर धुणारे पाणी

ओढ्यांतील सहज मिळणारे सोने लवकरच सरले. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसन यांनी उंचावरून आणलेले पाणी नळीवाटे तोटीत सोडून त्याच्या जोरदार धारेने टेकडीचा कडा फोडला. या पद्धतीने थोडी माणसे डोंगरच्या डोंगर पन्हळीतून धुऊन काढू लागली. मात्र कालवे व नळ यांस मोठे भांडवल लागे. म्हणून स्वतःसाठी खणणारा मनुष्य हळूहळू कंपनीचा मजूर बनला.

धुतलेली माती यूबा व सॅक्रामेंटो या नद्यांत गेली. पात्रे उथळ झाली, पूर वाढले आणि खालच्या खोऱ्यातील शेते गाळाखाली गेली. शेतकऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी खाणीचा गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली, आणि या पद्धतीचा भर ओसरला.

थाळी असो वा तोटी, सोने वेगळे होण्याचा नियम एकच होता. थाळीतून सांडलेली मूठभर वाळू ओढ्यास जड झाली नाही. डोंगराची माती मात्र दुसऱ्याच्या शेतात जाऊन बसली. पन्हळीतून निसटलेला पाराही जड, पाण्याच्या साडेतेरा पट. तो नद्यांच्या तळाशी व सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरातील गाळात आजही सापडतो, आणि तेथील काही मासे बेताने खावेत अशी सूचना लोकांस द्यावी लागते.