ज्वारीच्या लाह्यांचे लाडू

नागपंचमीच्या लाह्यांचे लाडू मुलांस पौष्टिक खाऊ होत. दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन लाही फुलते. म्हणून अति वाळलेला अथवा साल फुटलेला दाणा गणंग राहतो. निवडलेल्या ज्वारीवर रात्री कोमट पाणी शिंपडून ती फडक्यात बांधावी. सकाळी सावलीत सुकवून तापलेल्या कढईत मूठमूठ टाकून हलवावी. लाह्या चाळून गणंग काढावेत.

पाच वाट्या लाह्यांस एक वाटी गूळ थोड्या पाण्यात उकळावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकता त्याची घट्ट गोळी व्हावी. पाक कच्चा राहिल्यास लाडू सादळतात. लाह्या मिसळून, हातास सोसेल इतके गरम असताना पाण्याच्या हाताने लाडू वळावेत. उकळत्या पाकापासून मुलांस दूर ठेवावे. लाडू पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत.