पडवी : छप्पर तेच, जागा नवी

घरापुढील पडवी ही कोकणी गृहरचनेची जुनी ओळख. केरळातील पूमुखम व तामिळनाडूतील तिण्णै ही तिचीच भावंडे. मुख्य छपराचा उतार भिंतीपलीकडे पुढे नेऊन त्याखाली ही जागा साधलेली असते. निवृत्तीनंतर गावच्या घराला पडवी जोडावी, असे अनेकांच्या मनात असते. त्यासाठी बचत खर्ची घालण्यापूर्वी तिचे गणित समजून घेणे हिताचे.

पहिली बाब उंचीची. समजा, छपराचा उतार दर 2 फुटांस 1 फूट असून भिंतीपाशी त्याची उंची 10 फूट आहे. पडवी 8 फूट रुंद केल्यास छप्पर 4 फुटांनी उतरेल आणि कडेला 6 फूटच उंची उरेल. तुळईची जाडी वजा जाता माणसाला वाकूनच आत यावे लागेल. जुन्या कारागिरांनी यावर सोपा उपाय योजला : पडवीची जमीन घराच्या जोत्याहून एक-दोन पायऱ्या खाली ठेवली. उंचीसाठी उतार कमी करण्याचा मोह मात्र टाळावा. उतार मंदावला की वाऱ्याने रेटलेले पावसाचे पाणी कौलांच्या सांध्यांतून आत शिरते.

दुसरी बाब वाऱ्याची. तीन बाजूंनी उघड्या पडवीत शिरलेला वारा छपरास खालून उचलतो. जून 2020 मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक घरांची छपरे उडाली. म्हणून खांब नुसते फरशीवर उभे न करता पायात पक्के रोवावेत. वासे तुळईस आणि तुळई खांबांस लोखंडी पट्ट्यांनी जखडावी. जुन्या वाशांना वाळवी लागलेली नाही, याचीही आधी खात्री करावी.

तिसरी बाब कागदपत्रांची. पडवी उघडी असली तरी ते बांधकामच होय. स्थानिक संस्थेची परवानगी आवश्यक आहे का, हद्दीपासून किती अंतर सोडावे लागते, याची चौकशी आधी करावी. घर बँकेकडे तारण असल्यास कामापूर्वी शाखेस लेखी कळवून संमती घ्यावी. मूल्यांकनाच्या वेळी प्रत्यक्ष बांधकाम मंजूर नकाशाशी ताडून पाहिले जाते. विनापरवाना भाग पुढे विक्रीत वा कर्जात अडचणीचा ठरतो. घराचा विमा असल्यास वाढीव बांधकामाची नोंद विमा कंपनीकडे करावी.

उतार, आधार आणि अनुमती या तीन गोष्टी जमल्या, तर पडवी पिढ्यान्पिढ्या सावली देते.