लसूण सोलणारी सासू

कराड,
६ जुलै २०२५

चि. बापूस,


आज आषाढी. साबुदाणा भिजवून तसाच ठेवलाय आणि लिहायला बसले आहे. सकाळी वहिनीचा फोन आला, तेव्हापासून कशात हात लागेना. तू राजीनामा दिलास म्हणे. वहिनी 'म्हणे' म्हणाली, म्हणून मीही म्हणेच लिहिते. तिला सूनबाईकडून कळलं आणि सूनबाईला तुझ्या मित्राच्या बायकोकडून. घरच्यांना बातमी बाहेरून कळायची हे आपल्याकडे नवं नाही. तुझ्या आजोबांनी अडतीचं दुकान विकलं, ते आजीला पाटी बदलल्यावर समजलं. पण ते दुकान तसंही बुडीत होतं. बँकेतली अठरा वर्षांची नोकरी बुडीत नाही रे. खरं काय ते आधी कळव.

कादंबरीची दुसरी आवृत्ती काढणार, पूर्ण वेळ लिहिणार, असंही ऐकलं. पहिल्या पाचशे प्रतींतल्या किती गेल्या? दिवाणाखालचे गठ्ठे मी दिवाळीनंतर आले तेव्हा पाहिलेत. छकुली त्यांच्यावर चढून खिडकीत बसते. विक्रेते निम्म्याजवळ कमिशन मागतात आणि उरलेल्यासाठी वर्षभर झुलवतात, हे तूच सांगितलंस. मग घर कशावर चालणार?

कादंबरी मी दोनदा वाचली. जन्मभर प्रुफं तपासली, त्यामुळे हातात पेन्सिल आपोआप येते. पान ६१ वर तुझ्या नायिकेची सासू जाते, तेरावं होतं, बुंदी उरते म्हणून शेजाऱ्यांना वाटतात. आणि पान १४३ वर तीच सासू ओट्याला टेकून लसूण सोलतेय! हा काही नवा प्रयोग असेल म्हणून मी एक अख्खी दुपार मागची-पुढची पानं चाळत बसले. मग सूनबाई म्हणाली, शेवटची प्रुफं आली त्याच आठवड्यात विधानसभेचा निकाल लागला होता, आणि तू रात्री दोन-दोनपर्यंत फेसबुकवर लोकांशी भांडत होतास.

माझं दुखणं हेच आहे. तुझी मतं मला बहुतेक पटतात. पहिलीपासूनच्या हिंदीवर तू एप्रिलपासून लिहीत होतास, गेल्या रविवारी सरकारने दोन्ही जी.आर. रद्द केले, तुझा आनंद वाचून मलाही बरं वाटलं. पण सोमवारी सकाळी तू दुसऱ्याच विषयावर हजर! नोकरी सोडून मोकळा झालेला वेळ कुणाच्या पानात पडणार आहे, कादंबरीच्या की त्या भांडणांच्या?

आता एक सांगते, ते दादालाही ठाऊक नाही. १९७५ च्या डिसेंबरात इथे कराडला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, स्वयंसेविकेचा बिल्ला लावून पाणी देत फिरत होते. आणीबाणी चालू. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री, आणि त्यांच्या समोर अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी तुरुंगवास भोगलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. हातातली कळशी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. त्या रात्री मी चार पानं लिहिली. बाबांनी वाचली. बोलले काही नाहीत, उठून दाराला कडी घातली. सकाळी मी ती पानं बंबात घातली. बाईंना पुढच्या वर्षी अटक झाली, आणि मी त्याच बंबाच्या पाण्याने रोज आंघोळ करत होते.

१९७७ नंतर मला शौर्य चढलं. दहा वर्षं वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात मी लिहीत होते. महागाई, मोर्चे, शुद्धलेखन, काही सोडलं नाही. पत्र छापून आलं की अंगावर मूठभर मांस चढायचं. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या गॅल्या, रात्रीचे दोन तास माझे, आणि ते दोन तास असे गेले. अडतीवरच्या हमालाच्या बायकोची गोष्ट दोनशे पानी वहीत नवव्या प्रकरणावर थांबली, ती थांबलीच. कात्रणांची फाईल मात्र जाड आहे. मध्ये उघडून पाहिली. कशावरून इतकी तावातावाने भांडले होते, निम्म्या पत्रांत मलाच आठवेना.

गप्प बस असं मी म्हणत नाही. गप्प बसून काय होतं ते मला माहीत आहे. दुर्गाबाई बोलल्या तेव्हा त्यांच्या मागे 'ऋतुचक्र' होतं, 'व्यासपर्व' होतं, एवढंच सांगते. आणि हरिभाऊ आपटे बघ. संमतिवयाच्या बिलावरून, मुलीचं वय दहाचं बारा करायचं एवढ्यावरून, 'केसरी' आणि 'सुधारक' एकमेकांवर तुटून पडत होते, आणि त्याच दिवसांत, १८९० पासून, हरिभाऊ आपल्या 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने यमूची गोष्ट सांगत होते. ते अग्रलेख आता अभ्यासकच काढून बघतात. यमूच्या केशवपनाशी आले की मी मात्र अजून पुस्तक मिटून थोडा वेळ बसते. साप्ताहिक त्यांचं स्वतःचं, म्हणजे तुझ्यासारखेच स्वतंत्र. पण आनंदाश्रम संस्थेच्या व्यवस्थापकाचं काम त्यांनी सोडलं नव्हतं, हेही ध्यानात घे. (आले बघ पुन्हा नोकरीवर.)

जास्त बोलले असेन. वाचून चिडशील, तर चीड. पण ते लसणाचं अर्धं पान साऱ्या पुस्तकात सरस आहे. ओली सालं बोटांना चिकटतात, म्हातारी ती पदराला न पुसता परातीच्या काठाला पुसते. हे तू आजीचं पाहिलंस ना? तू तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा असशील. मी तीस वर्षं तिच्या समोर बसून जेवले आणि माझ्या वहीत ते कुठेच नाही.

राजीनामा दिला नसलास तर निदान माझ्यासाठी थोडा थांब. दिलाच असलास तर तसं सांग, घाबरू नकोस. माडीवरच्या खोलीतला पंखा मी कालच दुरुस्त करून घेतलाय. तिथे मोबाईलला रेंज येत नाही, ते एक बरं आहे. वीस प्रती पाठव, भजनी मंडळात खपवते, पैसे रोख. दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं मात्र माझ्याकडेच यायला हवीत. डोळे अधू झालेत, तरी भिंग आहे.

सूनबाईला आणि छकुलीला आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. सासूला मारू नकोस. तेरावं काढून टाक, बुंदीसकट. तिला लसूण सोलू दे.