चाळिशीजवळ संख्याशास्त्राची पदवी

प्रश्न : वय 38, बी.कॉम., बँकेत नोकरी. बारावीला गणित होते. संख्याशास्त्रात पदवी घ्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : वयाची काळजी सोडा, खरी अडचण कॅल्क्युलसची आहे. बारावीनंतर तो सुटला असणार आणि संभाव्यतेचे दुसरे प्रकरण उघडले की इंटिग्रेशन समोर उभे राहते. म्हणून फी भरण्याआधी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा कॅल्क्युलसचा मोफत कोर्स करून बघा. ऑफिसमधून थकून आल्यावर रात्री गणिते सोडवायला बसवते का, हेही तेव्हाच कळेल.

आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीला वयाची अट नाही, जेईई नाही. चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यायची. पहिल्या टप्प्यात गणित आणि संख्याशास्त्राचे प्रत्येकी दोन पेपर असतात. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते, हे सुट्ट्यांच्या हिशेबात धरा. या पदवीत प्रोग्रॅमिंग बरेच आहे. प्रमेये सिद्ध करण्याची हौस असेल तर हा कोर्स तुमच्यासाठी नव्हे.

दुसरीकडे दूरशिक्षणाला प्रवेश घेणार असाल, तर यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत त्या विद्यापीठासोबत त्या अभ्यासक्रमाचेही नाव आहे ना, ते पाहा. एजंटच्या शब्दावर जाऊ नका. आणि पुढे एम.एस्सी. करायचे असल्यास तिथली प्रवेशाची अट आजच वाचून ठेवा.