उरलेले रंग, उरलेली शीट

सबमिशन संपलं की होस्टेलच्या कपाटामागे बिघडलेल्या ड्रॉइंग शीट्सचा गठ्ठा पडून राहतो. रद्दीत घालू नका. ए-२ शीट चार वेळा निम्मी कापा. पोस्टकार्डाएवढे 16 तुकडे मिळतात. मागची बाजू कोरीच असते. महाग कागदासमोर हात आखडतो, इथे बारा बिघडले तरी बिघडू देत!

पॅलेटमध्ये सुकलेला जलरंग टाकू नका. त्यातला डिंक पाण्याने पुन्हा विरघळतो. दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. (अ‍ॅक्रिलिक मात्र सुकला की संपला.) उरलेला निळा आणि तपकिरी मिसळला की छान करडा होतो, गंगापूर धरणावरचं पावसाळी आभाळ त्यातच निघतं.

आपली शीट पाण्याने लगेच फुगते. म्हणून चारही कडा बोर्डाला कागदी टेपने चिकटवा, ब्रश निथळून घ्या, एक थर सुकल्यावरच दुसरा द्या. पांढरा रंग लागतच नाही. सोमेश्वरचा धबधबा काढताना पाणी रंगवू नका, भोवतीचे काळे खडक रंगवा. मधला कोरा कागद आपोआप पाणी होतो. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगचित्रं पाहायला मिळाली, तर आधी त्यांनी कागद कुठे कोरा सोडलाय ते शोधा.