गहू वर्ज्य करण्यापूर्वी

थायरॉइडची गोळी सुरू झाली की तिच्याबरोबर एक सल्ला हमखास मिळतो : गहू सोडा. सल्ला देणारे बहुधा शेजारी किंवा सहकारी असतात, आणि पुष्कळजण तो तत्काळ अमलात आणतात. नेमकी येथेच चूक होते.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. सीलिॲक विकारात या प्रथिनांमुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषणारे तेथील सूक्ष्म अंकुर झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. कुणास वारंवार जुलाब होतात, कुणाची उंची खुंटते, तर कुणात केवळ औषधांना न जुमानणारा रक्तक्षय दिसतो. या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला.

जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला थायरॉइडचा विकारही याच जातीचा. येथे हल्ला गळ्यातील ग्रंथीवर होतो. दोहोंमागील आनुवंशिक प्रवृत्ती काही अंशी समान असल्याने अशा थायरॉइडरुग्णांपैकी शेकडा २ ते ५ जणांत सीलिॲकही आढळतो. याचाच अर्थ, उरलेल्या बहुसंख्यांना तो नसतो. आणि त्यांनी गहू सोडल्याने थायरॉइड सुधारतो, असा भक्कम पुरावा नाही.

मग संशय केव्हा घ्यावा? गोळी नियमितपणे, उपाशीपोटी घेऊनही मात्रा वाढवावीच लागत असेल, तर दोष आतड्यातील शोषणाचा असू शकतो. प्रथम रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे तपासतात, नंतर दुर्बिणीतून आतड्याचा सूक्ष्म तुकडा घेतात. मात्र या तपासण्यांच्या वेळी आहारात गहू असावाच लागतो. तो काही महिने बंद असेल तर प्रतिपिंडे घटतात, अस्तर भरून येऊ लागते आणि विकार असूनही अहवाल निर्दोष येतो. मग निदानासाठी पुन्हा कित्येक आठवडे पोळी खाण्याची वेळ येते, आणि ती यातना खऱ्या रुग्णालाच ठाऊक!

निदान पक्के झाल्यास मात्र पथ्य जन्मभराचे, आणि तेही काटेकोर. सुदैवाने ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ ही आपलीच धान्ये; साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा हे उपवासाचे जिन्नसही मुळात ग्लुटेनमुक्त. उत्तर भारतात बदलीवर असणाऱ्यांना पोळीविना दिवस काढणे जड जाते खरे, पण भाताची सवय मोडलेली नसते. खरी फसगत इतरत्र होते. गव्हामागोमाग त्याच चक्कीत दळलेली ज्वारी निरुपयोगी ठरते. घरी लहान घरघंटी असणे उत्तम. बाजारी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, माल्टयुक्त पेयांत जव. परात, लाटणे आणि तवाही वेगळे हवेत. वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी करून घ्यावी. पथ्य सुरू झाल्यावर आतडे सुधारते, तशी थायरॉइडची तीच मात्रा जास्त होऊ शकते. म्हणून काही आठवड्यांनी रक्त तपासून डॉक्टरांकडूनच ती बदलून घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीनंतर किमान ४ तासांनी घ्याव्यात.