चांदूर कोणतं, ते विचार

अमरावती

चि. सोनू,


अकोल्याच्या अडत दुकानासाठी तू पायथनमध्ये लिहितेस त्या स्क्रिप्टबद्दल वाचलं. मुनीमजी तालुक्याचं नाव अर्धंच टाइप करतात, त्यांना पूर्ण लिहायला लावू का, असं विचारतेस. लावू नकोस. वर मी 'चि.' लिहिलं, ते तू चिरंजीव वाचलंस, चिखलदरा नाही. तीच 'ता.' पत्त्यात तालुका होते आणि पत्राच्या डोक्यावर तारीख. थोडक्यात लिहिणारा समोरच्याच्या समजुतीवर भरवसा टाकतो. आता तो तुझ्या स्क्रिप्टने राखायचा आहे.

टाइप केलेलं जसंच्या तसं रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये घालू नकोस. 'चां. बा.' म्हणजे चांदूर बाजार. त्यातलं टिंब आपल्याला सांगतं, उरलेला शब्द समजून घ्या. रेग्युलर एक्स्प्रेशनला ते सांगतं, इथे कोणतंही एक अक्षर चालेल. म्हणून टिंब आणि मोकळी जागा दिसेल तिथे तोड, रिकामे तुकडे टाकून दे, उरलेले एस्केप कर आणि असे जोड:

^चां[^ ]* बा

सुरुवातीचं ^ लिहायचं राहून गेलं, तर नुसत्या 'पूर'ला अचलपूर, दर्यापूर, बाळापूर, मूर्तिजापूर सगळे ओ देतील. काहीच न लिहिता एंटर दाबलं, तर अमरावतीचे 14 आणि अकोल्याचे 7 असे सगळेच तालुके जुळतील. ते आधीच अडव. कोणी वरुड लिहितं, कोणी वरूड. उकाराच्या जागी [ुू] ठेव, वेलांटीच्या जागी [िी]. पायथनच्या बॅकस्लॅश-डब्ल्यूवर मात्र विसंबू नकोस. काना-मात्रा त्याच्या हिशेबात अक्षरं नाहीत. 'अकोला'चे तो 'अक' आणि 'ल' असे दोन तुकडे करतो.

आता मुख्य गोष्ट. 'अको' म्हणजे अकोला की अकोट? 'बा' म्हणजे बाळापूर की बार्शीटाकळी? 'धा' म्हणजे धारणी की धामणगाव रेल्वे? किती नावं जुळली ते मोज. एकच असेल तर पूर्ण नाव दाखवून पुढे जा. एकाहून जास्त असतील तर ती समोर मांड आणि विचार. पर्लच्या 'टेक्स्ट-अ‍ॅब्रेव्ह' मॉड्यूलचाही हाच नेम आहे: दोन नावांना लागू पडणारं छोटं रूप ते यादीत घेतच नाही.

हे मी चूक करून शिकलो. माझी स्क्रिप्ट पहिलं जुळलेलं नाव उचलायची. ऐन पेरणीत कोणी 'चां' टाइप केलं आणि चांदूर रेल्वेचं सोयाबीन बियाणं चांदूर बाजारला गेलं. एक गाव अमरावतीच्या आग्नेयेला, दुसरं उत्तरेला. शेतात वापसा होता आणि शेतकरी रिकाम्या हाताने बांधावर उभा होता. स्क्रिप्टने एक प्रश्न विचारला असता, तर त्याचे ते दिवस वाचले असते.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा

ता. क. पहिली चाचणी 'चां'नेच घे. स्क्रिप्टने दोन्ही चांदूर दाखवून विचारलं, तरच ती मुनीमजींच्या हाती दे.